घाई कुठे, सबुरी कुठे : स्वादुपिंडाच्या गंभीर सुजेनंतरचे दुर्बिणीचे उपचार

“पोटात एवढा मोठा गोळा झालाय, तुम्हीच फोटो दाखवताय, मग काढून का टाकत नाही?” अतिदक्षता विभागाच्या दारात हा प्रश्न नेहमी ऐकू येतो. विचारणाऱ्याचं काही चुकत नसतं. गळू पिकलं की चिरा देऊन पू काढायचा, हे घरातल्या आजीलाही ठाऊक असतं. स्वादुपिंडाच्या आजारात मात्र हा हिशेब लागू पडत नाही. इथे पहिल्या काही तासांत धावपळ करावी लागते आणि पुढचे काही आठवडे हात आवरून थांबावं लागतं. आपल्याकडे बऱ्याच घरांत याच्या उलट घडतं. पहिले दोन दिवस ‘गॅस धरलाय’ म्हणून दुखणं अंगावर काढलं जातं आणि तिसऱ्या आठवड्यात ‘ऑपरेशन करा, नाहीतर पेशंट हलवतो’ असा तगादा सुरू होतो.

पुणे-सोलापूर महामार्गावर यवतच्या अलीकडे असलेल्या कासुर्डीसारख्या गावांतल्या वाचकांना डोळ्यांपुढे ठेवून हे लिहितो आहे. पुण्यातली मोठी रुग्णालयं इथून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर आहेत. म्हणजे उपचार हाताशी आहेत, पण रात्री दोन वाजता कळ उठली तर कुठे जायचं, तिथे काय विचारायचं आणि पुढच्या दोन महिन्यांत काय काय वाढून ठेवलेलं असू शकतं, हे आधी माहीत असलेलं बरं.

स्वादुपिंड म्हणजे पॅन्क्रियाज. जठराच्या मागे, मणक्याच्या पुढे आडवी पडलेली ही ग्रंथी. अन्न पचवणारे जहाल पाचकरस ती तयार करते आणि रक्तातली साखर सांभाळणारं इन्सुलिनही. पाचकरस आतड्यात पोचल्यावरच जागे व्हायचे असतात. पित्ताचा खडा नलिकेच्या तोंडाशी अडकला, दारूने ग्रंथीच्या पेशी दुखावल्या किंवा रक्तातले ट्रायग्लिसराइड हजाराच्या वर गेले, की ते ग्रंथीच्या आतच जागे होतात आणि तिलाच पचवायला लागतात. यालाच अ‍ॅक्यूट पॅन्क्रियाटायटिस म्हणतात. शेतीच्या भागात आणखी एक कारण लक्षात ठेवायला हवं: ऑर्गॅनोफॉस्फरस जातीचं कीटकनाशक पोटात गेल्यावरही स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. फवारणीनंतर किंवा औषध पोटात गेल्यावर पोटात दुखू लागलं, तर ती गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नका.

पाचांपैकी साधारण चार पेशंटची सूज सौम्य असते. सलाईन, वेदनाशामक आणि थोडी विश्रांती यांवर ते आठवड्याभरात घरी जातात. उरलेल्यांच्या बाबतीत ग्रंथीचा काही भाग आणि भोवतालची चरबी मरून जाते, मूत्रपिंड किंवा फुप्फुसं दगा देतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. २०१२ साली सुधारलेल्या अटलांटा वर्गीकरणानुसार एखादा अवयव ४८ तासांहून जास्त काळ निकामी राहिला, तरच आजाराला ‘गंभीर’ म्हणतात. म्हणून पहिल्या दिवशी डॉक्टर “आत्ताच काही सांगता येत नाही” म्हणाले, तर ते टाळाटाळ करताहेत असं समजू नका. दोन दिवस गेल्याशिवाय ते कुणालाच सांगता येत नाही.

पहिले काही तास

बेंबीच्या वर अचानक उठलेली, थेट पाठीत निघणारी, अर्ध्या-पाऊण तासात न शमणारी कळ. उताणं झोपलं की जास्त, गुडघे पोटाशी घेऊन पुढे वाकलं की जरा बरं. सोबत उलट्या, आणि उलटी होऊनही आराम नाही. अशी कळ आली तर सोडा, ओवा, ॲसिडिटीची गोळी यात रात्र घालवू नका. छातीच्या खालच्या भागात दुखणारं हृदयविकाराचंही असू शकतं, म्हणून जवळ जे केंद्र असेल, यवतचं ग्रामीण रुग्णालय असो की उरुळी कांचनचा एखादा दवाखाना, तिथे आधी ईसीजी काढून घ्या, सलाईन सुरू करून घ्या आणि मग पुढे निघा. गाडी नसेल तर १०८ला फोन करा. ही सेवा मोफत आहे. एकामागून एक वेदनाशामक इंजेक्शनं घेऊन कळ दाबून ठेवणं आणि सकाळची वाट पाहणं धोक्याचं आहे. कळ दबते, आतली सूज दबत नाही.

उरुळी कांचनला १९४६ साली गांधीजींच्या प्रेरणेने निसर्गोपचार आश्रम उभा राहिला. त्यामुळे उपवासाने पोटाची दुखणी बरी होतात, हा विश्वास या पट्ट्यात मुरलेला आहे. त्या विश्वासाचा मान राखून सांगतो, हे दुखणं घरी उपवास करून बसण्याचं नाही. या आजारात रक्तवाहिन्या पाझरू लागतात, अंगातलं पाणी पोटात आणि फुप्फुसांभोवती साचतं, आणि रक्तदाब व मूत्रपिंडं सांभाळायला शिरेतून द्रव द्यावाच लागतो. किती द्यायचा, हेही आता बदललं आहे. पूर्वी बाटल्यांमागून बाटल्या चढवत. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘वॉटरफॉल’ नावाच्या अभ्यासात भराभर सलाईन दिलेल्यांपैकी सुमारे २० टक्के पेशंटच्या अंगात जादा पाणी साचलं, बेताने दिलेल्यांमध्ये हे प्रमाण ६ टक्के होतं. म्हणून “शेजारच्या पेशंटला आठ बाटल्या लावल्या, आमच्याला तीनच का” ही तक्रार करू नका. लघवी किती होते आहे, ते विचारा. लघवी कमी होणं, धाप लागणं आणि माणूस गुंगीत जाणं या तीन गोष्टी रात्री-अपरात्री सिस्टरांच्या कानावर घालण्यासारख्या आहेत.

रक्तातल्या लायपेज किंवा अमायलेज या पाचकरसांचा आकडा नॉर्मलच्या तिपटीहून वर गेला की निदानाला आधार मिळतो, पण त्या आकड्यावरून आजार किती गंभीर आहे ते कळत नाही. तीन हजार लायपेज असलेला पेशंट चार दिवसांत घरी जाऊ शकतो आणि सहाशे असलेला व्हेंटिलेटरवर जाऊ शकतो. तो आकडा रोज तपासून घेण्यात पैसे घालवू नका. सीटी स्कॅनचंही तसंच आहे. निदान स्पष्ट असेल तर पहिल्याच दिवशी स्कॅनची घाई नको, कारण त्यात मेलेला भाग नीट दिसत नाही. तीन-चार दिवस उलटल्यावर केलेला स्कॅन खरं चित्र दाखवतो.

दुर्बिणीची पहिली गरज इथेच पडू शकते. पित्तनलिकेत खडा अडकून कावीळ झाली आणि थंडी वाजून ताप भरला, तर नलिकेत पू होतो आहे असं समजायचं. मग ईआरसीपी ही तपासणीवजा शस्त्रक्रिया शक्यतो चोवीस तासांत करतात: तोंडावाटे दुर्बीण लहान आतड्यापर्यंत नेऊन पित्तनलिकेचं तोंड थोडं कापायचं आणि खडा काढायचा. काविळीचं झाडपाल्याचं औषध घेण्यात किंवा कावीळ उतरवून घेण्यात अशा वेळी गेलेला एक दिवस फार महाग पडतो. पण कावीळ-ताप नसताना प्रत्येकाला घाईने ईआरसीपी करून फायदा होत नाही, हे नेदरलँड्समधल्या २०२०च्या ‘एपेक’ अभ्यासाने दाखवलं. ईआरसीपीमुळेच कधीकधी स्वादुपिंडाला सूज येते, म्हणून गरज नसताना ती न केलेलीच चांगली.

चार आठवड्यांची सबुरी

आता अवघड भाग. पहिला आठवडा निभावला, पेशंट आयसीयूतून बाहेर आला, आणि स्कॅनमध्ये स्वादुपिंडाभोवती पाणी आणि मेलेल्या ऊतींचा साठा दिसतो आहे. घरच्यांना वाटतं, हा काढला की माणूस बरा. पण या वेळी त्या साठ्याला भिंत नसते. मेलेला भाग आणि जिवंत भाग एकमेकांत गुंतलेले असतात. कापायला गेलं की रक्तस्राव होतो, टोचायला गेलं की जंतू आत जातात. शरीर मात्र स्वतः काम करत असतं. साधारण चार आठवड्यांत ते त्या साठ्याभोवती जाड वेष्टन उभं करतं आणि आतला कडक भाग हळूहळू पातळ होतो. वेष्टन तयार झाल्यावर आत फक्त पाणी असेल तर त्याला स्यूडोसिस्ट म्हणतात. मेलेल्या ऊतीही असतील तर ‘वॉल्ड-ऑफ नेक्रोसिस’. रिपोर्टवर यांतलं कुठलं नाव आहे ते पाहून ठेवा, कारण उपचार त्यावर ठरतात.

थांबायचं म्हणजे नुसतं बसून राहायचं नाही. या काळात सर्वांत मोठा उपचार आहे अन्न. ‘ग्रंथीला विश्रांती द्या, तोंड बंद ठेवा’ ही जुनी शिकवण आता मागे पडली आहे. आतडी रिकामी राहिली की त्यांची भिंत कमकुवत होते आणि आतले जंतू बाहेर पाझरून त्या मेलेल्या भागात जातात. तोंडाने जात नसेल तर नाकातून जठरात किंवा पुढे लहान आतड्यात घातलेल्या नळीने पातळ आहार देतात. ही नळी पाहून नातेवाईक घाबरतात, पेशंट ती उपसून टाकतो. तिला जपा. प्रत्येक वेळी आहार दिल्यावर कोमट पाण्याने ती धुवायची, गोळ्यांची पूड तिच्यात कोंबायची नाही, आणि आहार देताना व त्यानंतर अर्धा तास डोकं व छाती उंच ठेवायची. घरी पाठवताना हे सगळं सिस्टरांकडून स्वतःच्या हाताने करून शिकून घ्या. नुसतं पाहून शिकल्यावर घरी गेलं की नळी तुंबते.

प्रतिजैविकं जंतुसंसर्ग झाल्यावर द्यायची असतात, होऊ नये म्हणून नव्हे. मेलेला भाग असलेल्यांपैकी साधारण तिसऱ्या हिश्शाला पुढे संसर्ग होतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात नव्याने ताप, नाडी वाढणं, भूक पुन्हा जाणं, स्कॅनमध्ये साठ्यात हवेचे बुडबुडे ही त्याची लक्षणं. तेव्हासुद्धा लगेच नळी टाकायची की थांबायचं, यावर २०२१ साली ‘पॉइंटर’ नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. थांबलेल्या गटातले ३९ टक्के पेशंट फक्त प्रतिजैविकांवर बरे झाले, त्यांना नळी लागलीच नाही. आमच्या माणसाला पू झाला तरी डॉक्टर बसून आहेत, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. अर्थात पेशंट खालावत चालला, रक्तदाब टिकेना, तर चार आठवडे मोजत बसत नाहीत. तेव्हा कुशीतून, सोनोग्राफी किंवा सीटीच्या मदतीने नळी टाकून आधी पू बाहेर काढतात.

साठा आहे पण त्रास नाही, जेवण जातं आहे, ताप नाही, तर काहीच करू नये. सहा सेंटिमीटरहून मोठा सिस्ट म्हणजे काढायलाच हवा, हा जुना नियम आता कुणी पाळत नाही. अनेक साठे काही महिन्यांत आपोआप विरतात. त्रास म्हणजे काय? संसर्ग, न थांबणारी वेदना, जठर दाबल्याने होणाऱ्या उलट्या, पित्तनलिका दाबल्याने होणारी कावीळ. यांपैकी काही असेल, तरच दुर्बिणीकडे वळायचं.

जठरातून वाट

दुर्बीण म्हटलं की आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टी डोळ्यांपुढे येतात. पोटाला तीन-चार भोकं पाडून करतात ती लॅपरोस्कोपी, आणि तोंडावाटे नळी घालून करतात ती एंडोस्कोपी. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी “तोंडातून की पोटातून?” एवढं स्पष्ट विचारून घ्या.

तोंडातूनच का? कारण स्वादुपिंड जठराच्या पाठीला लागून आहे. साठा मोठा झाला की तो जठराच्या मागच्या भिंतीवर टेकतो. बाहेरून जायचं तर कातडी, स्नायू, आतडी ओलांडावी लागतात. आतून गेलं तर मध्ये फक्त जठराची भिंत. २००० सालच्या सुमारास जर्मनीतल्या डॉक्टरांनी या वाटेने मेलेला भाग बाहेर काढून दाखवला. त्याआधी अशा पेशंटचं पोट उघडावं लागे आणि त्यांतले कित्येक दगावत. २०१० साली नेदरलँड्समधल्या ‘पँटर’ अभ्यासाने पहिला मोठा पुरावा दिला: थेट पोट उघडलेल्यांपैकी ६९ टक्के पेशंटच्या बाबतीत मोठी गुंतागुंत झाली किंवा मृत्यू ओढवला, पायरीपायरीने गेलेल्यांत हे प्रमाण ४० टक्के राहिलं. पायरीपायरीने म्हणजे आधी नळी टाकायची, त्याने भागलं नाही तरच मेलेला भाग काढायचा. या दुसऱ्या गटातल्या ३५ टक्के पेशंटचं काम नुसत्या नळीवर भागलं. २०१८च्या ‘टेन्शन’ अभ्यासात एंडोस्कोपी आणि छोट्या छेदाची शस्त्रक्रिया यांची तुलना झाली. मृत्यूंत फरक पडला नाही, पण स्वादुरस बाहेर पाझरत राहण्याचं प्रमाण एंडोस्कोपीत ५ टक्के आणि शस्त्रक्रियेत ३२ टक्के होतं. पोटाला पिशवी लावून महिनोन्‌महिने काढलेल्या माणसाला या फरकाचं मोल कळेल.

प्रत्यक्षात काय होतं, ते जवळून पाहू. पेशंटला पूर्ण भूल देतात आणि श्वासनळीत नळी घालतात, कारण साठा फुटल्यावर पाण्याचा लोंढा घशाकडे येऊ शकतो. मग अल्ट्रासाऊंड बसवलेली एंडोस्कोपी, जिला सगळे ईयूएस म्हणतात, ती जठरात उतरवतात. पडद्यावर साठा काळा दिसतो. आतले मेलेले तुकडे करडे, ढगाळ. या चित्रावरूनच डॉक्टर अंदाज घेतात की नुसतं पाणी किती आणि घट्ट माल किती. रंगीत डॉप्लर लावून मध्ये रक्तवाहिनी नाही ना, हे पाहतात. जठराची भिंत आणि साठ्याची भिंत यांत साधारण एक सेंटिमीटरपेक्षा कमी अंतर असेल, तरच पुढे जातात. मग सुई, मग तार, आणि तारेवरून धातूचा स्टेंट. हा स्टेंट दोऱ्याच्या रिळासारखा असतो, मध्ये बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद कडा. एक कड साठ्यात उघडते, दुसरी जठरात, आणि दोन्ही भिंती एकमेकींना घट्ट धरून ठेवल्या जातात. ती उघडताक्षणी तपकिरी, दुर्गंधी पाणी जठरात धो-धो वाहायला लागतं आणि ओढून घेणारं यंत्र एकसारखं चालवावं लागतं. अनुभवी हातांना या भागाला फार वेळ लागत नाही.

कित्येकांचा ताप दोन-तीन दिवसांत उतरतो. नाही उतरला तर पुढची पायरी: स्टेंटचा मधला बोगदा साधारण पंधरा मिलिमीटरचा असतो, त्यातून साधी एंडोस्कोपी सरळ साठ्याच्या पोकळीत जाते. तिथे जाळी आणि फास यांनी मेलेल्या ऊतींचे तुकडे पकडून जठरात आणून सोडायचे. याला नेक्रोसेक्टॉमी म्हणतात. हे चिकाटीचं काम आहे. एकेका वेळी तास-दीड तास चालतं आणि काही दिवसांच्या अंतराने दोनदा, चारदा, कधी त्याहून अधिक वेळा करावं लागतं. “पुन्हा नेताय? पहिल्या वेळी नीट झालं नाही का?” असं विचारण्याआधी हे माहीत असू द्या. एका बैठकीत सगळं ओढून काढण्याचा हट्ट केला तर रक्तस्राव होतो. पोकळी फुगवायला साधी हवा न वापरता कार्बन डायऑक्साइड वापरायला हवा, कारण हवेचा बुडबुडा रक्तात गेला तर जीव जाऊ शकतो.

सगळेच साठे जठराला टेकलेले नसतात. मोठ्या आतड्याच्या कडेने खाली ओटीपोटापर्यंत उतरलेला साठा दुर्बिणीच्या टप्प्यात येत नाही. त्याला कुशीतून नळी लागते, कधी दोन्ही वाटा एकदम. काहींना डाव्या कुशीत छोटा छेद देऊन शस्त्रक्रिया करावी लागते. तसं झालं म्हणजे दुर्बीण ‘फेल’ गेली असं समजू नये.

धोके सांगायला हवेत. सर्वांत मोठा रक्तस्रावाचा. पाचकरसाने खाल्लेल्या रक्तवाहिनीला फुगा आलेला असू शकतो, म्हणून आधी रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी काढतात. फुगा दिसला किंवा फुटला तर मांडीतल्या धमनीतून बारीक नळी नेऊन तो आतून बंद करणारा तज्ज्ञ, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट, त्याच रुग्णालयात हवा. पेशंट रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असेल तर ते आधीच सांगा.

कुठे जायचं, पैसे कुठून

पहिल्या चोवीस तासांत जवळचं, चांगलं आयसीयू पुरेसं असतं. पुढे गुंतागुंत दिसू लागली की पेशंट कुठे ठेवायचा, हा निर्णय शांत डोक्याने घ्या. हलवण्याआधी फोनवर विचारा: ईयूएसने नळी टाकणारे गॅस्ट्रोएन्टरॉलॉजिस्ट तुमच्याकडे पूर्णवेळ आहेत का, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट रात्री येतात का, पोटाचे सर्जन, डायलिसिस आणि व्हेंटिलेटर एकाच छताखाली आहेत का. अशा नळ्या आणि नेक्रोसेक्टॉमी तुम्ही नेहमी करता का, हेही विचारायला संकोच नको. पुण्यात आणि मुंबईत हे सगळं उपलब्ध आहे. तोंडावाटे उपचार करणाऱ्या एंडोस्कोपीसाठी मुंबईचे डॉ. अमित मायदेव यांना २०१३ साली पद्मश्री मिळाली, यावरून ही विद्या महाराष्ट्रात किती रुजली आहे ते दिसतं. कासुर्डीवरून जाणारा हाच महामार्ग पुढे सोलापूरवरून हैदराबादला जातो, आणि तिथल्या एआयजी या संस्थेत या आजारावर मोठं संशोधन झालं आहे. पण जुने रिपोर्ट, सीटीची सीडी किंवा पेन ड्राइव्ह आणि डिस्चार्ज कार्ड बरोबर नसेल, तर जाल तिथे सगळं पहिल्यापासून सुरू होतं. लेखी रिपोर्टपेक्षा चित्रं महत्त्वाची, कारण दुर्बीण चालवणारा स्वतः ती पाहून वाट ठरवतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण देतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन दाखल होतानाच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. १५५३८८ या क्रमांकावरही माहिती मिळते. या आजारातला कोणता उपचार योजनेत बसतो आणि धातूचा स्टेंट धरला जातो की वेगळा भरावा लागतो, हे प्रक्रियेआधी लेखी घ्या. धर्मादाय रुग्णालयांना निर्धन रुग्णांसाठी १० टक्के आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो माणूस आयसीयूत असताना दौंडला हेलपाटे घालून काढण्यापेक्षा घरातल्या एकाने पहिल्याच आठवड्यात काढून ठेवावा.

आणि स्टेंटबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण त्यापायी लोक दागिने गहाण टाकतात. धातूचा स्टेंट महाग असतो. घट्ट माल जास्त असेल, वारंवार आत जावं लागणार असेल, तर त्याचा उपयोग आहे. पण नुसत्या पाण्याच्या सिस्टला प्लॅस्टिकच्या दोन वळदार नळ्या सहसा पुरतात, आणि ‘टेन्शन’ अभ्यासातले चांगले निकाल मुख्यतः प्लॅस्टिकच्या नळ्यांवरच आलेले होते. डॉक्टर म्हणाले की आपल्या केसमध्ये प्लॅस्टिक चालेल, तर स्वस्तातला उपचार करताहेत असं वाटून घेऊ नका.

घरी आल्यावर

धातूचा स्टेंट कायमचा नसतो. साधारण तीन-चार आठवड्यांनी सीटी करून, पोकळी मिटली असेल तर तो काढायचाच. जास्त दिवस राहिला की तो जठराच्या भिंतीत रुततो किंवा मागच्या रक्तवाहिनीला घासून रक्तस्राव करतो. इथे गावाकडे घोळ होतो. माणसाला बरं वाटायला लागतं, जेवण जातं, आणि ऊसतोड लागली, गुऱ्हाळ सुरू झालं, कांद्याची लागण आली म्हणून तारीख पुढे ढकलली जाते. बरं वाटतंय म्हणूनच जायचं आहे. डिस्चार्ज कार्डावर स्टेंट काढण्याची तारीख ठळक लिहून घ्या आणि ती घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये टाका. त्या आधी रक्ताची उलटी झाली, डांबरासारखी काळी शौच झाली, अचानक घेरी आली किंवा थंडी वाजून ताप आला, तर ओपीडीची वाट न पाहता त्याच रुग्णालयाच्या इमर्जन्सीत जा. ॲसिडिटीच्या गोळ्या चालू ठेवायच्या की नाही, हेही विचारा. स्टेंट असताना जठरातलं आम्ल मेलेला भाग विरघळायला मदत करतं, म्हणून अनेक डॉक्टर त्या बंद करतात.

काहींच्या बाबतीत स्वादुपिंडाचा मधला भाग मरून नलिका तुटलेली असते आणि शेपटीकडचा तुकडा रस पाझरवत राहतो. अशांना धातूचा स्टेंट काढताना प्लॅस्टिकची नळी दीर्घकाळ ठेवण्याची पद्धत आहे. हैदराबादच्या अभ्यासात मात्र अशी नळी ठेवल्याने पहिल्या तीन महिन्यांत पुन्हा पाणी साचण्यात लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणून एक डॉक्टर नळी ठेवतो म्हणाला आणि दुसरा नको म्हणाला, तर गोंधळून जाऊ नका. दोघांकडेही कारण आहे.

मूळ कारण तसंच राहिलं तर हा आजार परत येतो. पित्ताशयात खडे असतील तर पित्ताशय काढावं लागतं. सौम्य आजारात ते त्याच ॲडमिशनमध्ये काढतात. गंभीर आजारात साठे विरेपर्यंत, सहसा सहा आठवड्यांनंतर. ‘आता दुखत नाही, कशाला काढायचं’ असं म्हणून टाळलेली ही शस्त्रक्रिया पुन्हा आयसीयूत नेऊ शकते. ट्रायग्लिसराइड वाढलेले असतील तर गोळ्या आणि तपासणी आयुष्यभर.

दारू पूर्ण बंद. ‘लग्नकार्यापुरती’ हेसुद्धा नाही, आणि तंबाखू-सिगारेटही नाही. पण असं दरडावून सांगितल्याने कुणाची सुटत नाही, हे घरच्या बाईइतकं कुणाला माहीत असणार? फिनलंडमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर सहा महिन्यांनी पेशंटशी बसून पुन्हा पुन्हा बोललं गेलं, तेव्हा आजार उलटण्याचं प्रमाण घटलं. दाखल असताना एकदाच दिलेल्या उपदेशाला तेवढं यश आलं नाही. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र येरवड्याला आहे. स्टेंट काढायला पुण्याला जाल, त्याच दिवशी तिथेही जाऊन या.

शेवटी पचन आणि साखर. ग्रंथीचा बराच भाग गेला असेल तर मधुमेह नव्याने होऊ शकतो, म्हणून पहिली काही वर्षं उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी वरचेवर तपासा. वजन भरेना, शौच तेलकट, फिकट, पाण्यावर तरंगणारी आणि उग्र वासाची होत असेल, तर पाचकरस कमी पडत आहेत. त्यासाठी पॅन्क्रियाटिनच्या कॅप्सूल मिळतात. त्या उपाशीपोटी किंवा रात्री झोपताना घेऊन उपयोग नाही. पहिल्या घासाबरोबर एक आणि जेवण अर्ध्यावर आल्यावर दुसरी, अशा घ्यायच्या, आणि चहा-बिस्किटापेक्षा जड काहीही खाताना बरोबर ठेवायच्या, शेतावर डबा नेताना डब्यातसुद्धा.